कर्मवीर भाऊराव पाटील : साधेपणातील श्रीमंती

श्रीमंती संचयावरून मोजावी की विनियोगावरून, हा प्रश्न भाऊराव पाटील यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवते. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोडोलीप्रमाणेच हे गावही आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तरुणपणी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत. या व्यवसायात राहून सुखवस्तू संसार करणे त्यांना शक्य होते. तथापि त्यांनी बहुजनांच्या शिक्षणाचे कार्य पत्करले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले.

वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची अडचण निर्माण झाली, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या त्यागाचा विचार करताना लक्ष्मीबाईंनी मोजलेली किंमत विसरता येत नाही.

काटकसर आणि कंजूषपणा यांतील भेद येथे स्पष्ट होतो. कंजूष मनुष्य धन राखण्यासाठी खर्च टाळतो. भाऊरावांनी स्वतःवरील खर्च टाळला, तो इतरांच्या मुलांवर करता यावा म्हणून. मुलांनाही त्यांनी केवळ दान दिले नाही. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने श्रमाची प्रतिष्ठा शिकवली.

९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेली त्यांची संस्था आजही विस्तारत आहे. त्यांची खरी मिळकत तीच होय.