मॅग्नेटचा तुटवडा शंभर वर्षांपूर्वीही होता. तेव्हा पर्याय शोधणारे कोतारो होंडा कोण होते?

चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि आपल्याकडच्या ई-स्कूटर कंपन्यांची झोप उडाली. तेव्हापासून ‘पर्यायी मॅग्नेट’ची चर्चा सुरू आहे. पहिल्या महायुद्धात जपानवर अशीच वेळ आली होती. युरोपातून येणारे चुंबकी पोलाद थांबले आणि उपाय शोधला कोतारो होंडा यांनी. (गाड्यांची होंडा कंपनी सोइचिरो होंडा यांची, आडनाव तेवढे सारखे.)

होंडा यांचा जन्म १८७० चा, आइची प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातला. टोकियोत भौतिकशास्त्राचे शिक्षण, जर्मनीत संशोधन आणि १९११ पासून सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात प्राध्यापकी. उद्योगपती किचिझाएमोन सुमितोमो यांच्या देणगीवर त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. १९१७ मध्ये त्यांनी सहकारी ताकागी यांच्यासह लोखंडात कोबाल्ट, टंगस्टन आणि क्रोमियम मिसळून नवे पोलाद तयार केले. देणगीदाराच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘केएस’.

त्यात विशेष काय होते? मॅग्नेट किती जोराने ओढतो, हा एक गुण. उलट्या चुंबकी क्षेत्रात तो आपले चुंबकत्व किती टिकवतो, हा दुसरा. मोटरमध्ये हा दुसरा गुणच खरी परीक्षा पाहतो. त्यात ‘केएस’ जुन्या टंगस्टन पोलादाच्या सुमारे तिप्पट सरस होते.

अडचण एकच, कोबाल्ट महाग. १९३१ मध्ये टोकियोच्या तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचा ‘एमके’ मॅग्नेट आणला. कोबाल्टशिवाय, स्वस्त आणि ‘केएस’पेक्षा सरस! होंडा तेव्हा साठी ओलांडलेले, त्याच वर्षी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले. गप्प बसले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण दोन-तीन वर्षांतच सहकाऱ्यांसह त्यांनी टायटॅनियम मिसळलेला ‘नवा केएस’ आणला. तो ‘एमके’च्याही पुढे गेला, मात्र त्यात कोबाल्ट परत आले. १९३७ मध्ये जपानचा संस्कृती सन्मान पहिल्यांदा दिला गेला, तेव्हाच्या मानकऱ्यांत होंडा होते. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘एमके’चाच पुढचा वंश म्हणजे ॲल्निको. तो उष्णतेत दमदार, पण उलट्या क्षेत्रात लवकर हार मानतो. म्हणून ई-वाहनांच्या मोटरमध्ये तो सहसा दिसत नाही. तिथे राज्य निओडिमियमचे. तो मॅग्नेट तापला की ढिला पडतो, म्हणून त्यात डिस्प्रोसियम घालतात आणि चीनच्या यादीत नेमके तेच आहे. १९८० च्या दशकात हा मॅग्नेट घडवणारे मासातो सागावा यांची डॉक्टरेट तोहोकू विद्यापीठाचीच. आणि शोध लागला, तेव्हा ते सुमितोमो समूहातल्या कंपनीत नोकरीला होते.