प्रार्थनेची शिदोरी : पंडिता रमाबाई

नांदेड-लातूरकडून पुण्यास निघालेली गाडी दौंड मागे टाकते, तेव्हा प्रवाशांची सामान आवरण्याची लगबग सुरू झालेली असते. त्या गडबडीत केडगावचे लहानसे स्थानक कधी आले आणि कधी गेले, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. जलद गाड्यांना तेथे थांबण्याचे प्रयोजन नसते. परंतु याच स्थानकावर, दुष्काळाच्या दिवसांत, अंगावर धड वस्त्र नसलेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली एका पांढऱ्या लुगड्यातील ठेंगण्या बाईच्या मागोमाग उतरल्या होत्या. नाताळचा सण आला की त्या बाईंचे, पंडिता रमाबाईंचे, स्मरण होते. आपल्या घराण्याचा धर्म त्यांनी सोडला, याचे शल्य महाराष्ट्राने पुष्कळ वर्षे बाळगले. ते शल्य मनात असूनही त्यांचे चरित्र भाविकाने वाचावे असे आहे. कारण कोणतेही मोठे कार्य अंगावर घेण्यापूर्वी मनुष्याने आपले अंतःकरण कसे सिद्ध करावे, याची एक अखंड साधना त्यात आढळते आणि त्या साधनेचे मूळ एका पुराणिकाच्या संसारात आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रीने संस्कृत शिकू नये, हा त्या काळचा दंडक. शास्त्रीबोवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, त्यावरून वाद माजला आणि अखेर त्यांनी अरण्यात आश्रम थाटला. पुढे घरची संपत्ती सरली आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, तेव्हा रमा अवघ्या सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटीत घालून एका माणसाच्या डोक्यावरून तिला नेले गेले. त्या दिवसापासून तिला घर असे राहिलेच नाही. तीर्थ हेच गाव आणि देवळाची ओसरी हीच पडवी! पहाटे उठवून आई तिला श्लोक पाठ करवी. असे करता करता भागवताचे हजारो श्लोक तिच्या मुखी बसले.

प्रत्येक क्षेत्रात या कुटुंबाचा नेम ठरलेला असे. स्नान, उपवास, प्रदक्षिणा, मंत्रजप, ब्राह्मणांस दक्षिणा आणि देवळात पुराणश्रवण. देवदर्शनास जाण्यापूर्वी देह व मन शुद्ध झाले पाहिजे, रिकाम्या मनाने देवापुढे उभे राहू नये, ही शास्त्रीबोवांची शिकवण. पुढे एका वेळी तर सलग तीन वर्षे त्यांनी अनुष्ठानाखेरीज दुसरे काही केले नाही. संचित द्रव्य संपले, भांडी आणि दागिने विकले गेले, आणि नेमका दुष्काळ आला. रानातील पाने खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ साली शास्त्रीबोवांनी देह ठेवला. दृष्टी गेलेल्या त्या वृद्धाने अखेरच्या दिवसांत धाकट्या मुलीस जवळ घेऊन सन्मार्गाने वागण्याचे आणि ईश्वराची सेवा करण्याचे सांगितले. ते रमाबाईंनी जन्मभर हृदयाशी धरले.

यानंतर थोड्याच दिवसांनी निजामी मुलखातील रायचूर येथे आई गेली. ज्वरात तिने भाकरी मागितली. मुलगी शेजारच्या घरी गेली, पण भीक मागण्यासाठी जीभ उचलेना. नुसतेच डोळे वाहू लागले. त्या घरच्या बाईने ओळखले आणि भाकरी दिली. आई मात्र वाचली नाही. खांदा देण्यास माणसे पुरेनात, म्हणून भाऊ श्रीनिवास आणि दयाळू ब्राह्मण यांच्याबरोबर या सोळा वर्षांच्या मुलीने आईची तिरडी उचलली, आणि उंची कमी म्हणून आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. थोरली बहीणही पाठोपाठ गेली. पुढे रमाबाईंनी केडगावी जे उभारले, त्याचा पाया रायचूरच्या त्या वाटेवर घातला गेला, असे मला वाटते.

भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी त्यांचा विवाह झाला, पुढील वर्षी कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेला. चोविसाव्या वर्षाच्या आतच त्या विधवा होऊन मुलीसह पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला, हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. तेथे वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ झाला. तो कसा झाला हे आता नव्याने सांगावयास नको.

मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रमाबाईंना स्वतःला आपले धर्मांतर पुढे अपुरे वाटू लागले. सिद्धांत पटले म्हणून आपण धर्म स्वीकारला, परंतु अंतरीचा देव सापडला नाही, अशी हुरहूर त्यांना सुमारे आठ वर्षे लागून राहिली होती. १८९१ च्या सुमारास त्यांच्या प्रार्थनेचे स्वरूप पालटले. मागणे मागण्याची प्रार्थना मागे पडून सर्वस्वी शरण जाण्याची प्रार्थना सुरू झाली. भागवत मुखोद्गत असलेल्या बाईस शरणागती ही काही परकी वस्तू नव्हती.

या प्रार्थनेचीच फार मोठी किंमत त्यांना द्यावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळावर होते. सदनात कोणत्याही धर्माची शिकवण द्यावयाची नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा शब्द दिलेला होता. रमाबाई आपल्या खोलीत पहाटे मुलीसह प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. झाले! वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली, १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीसाहून अधिक मुलींना पालक घरी घेऊन गेले. दार लावून घेतले असते तर सदन वाचले असते, असे त्यांच्या हितचिंतकांनाही वाटले. विश्वासाने मुली सोपविलेल्या पालकांचे दुःख खरे होते, हे आजही मान्य केले पाहिजे. परंतु स्वतःच्या खोलीत ईश्वराचे नाव लपूनछपून घेणे रमाबाईंच्या स्वभावातच नव्हते. जिने बालपणी भर देवळात उभे राहून पुराण सांगितले, ती दाराआड कशी बसणार?

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या हाती पैसा नव्हता आणि पुण्यातील घर लहान. जावे की न जावे, या विचारात त्यांचे काही दिवस गेले. प्रार्थनेस बसल्या की डोळ्यांपुढे १८७४ चे रान उभे राही. अखेर सुमारे तीनशे मुलींचा भार उचलण्याचा संकल्प करून त्या निघाल्या. द्रव्याची सोय आधी आणि प्रस्थान मागाहून, हा व्यवहाराचा क्रम त्यांनी उलटा केला. दुष्काळी छावण्यांतून अनाथ मुली व तरुण विधवा गोळा करून त्या परतल्या, तर पुण्यात प्लेगचे सावट. म्हणून केडगावी आधीच घेतलेल्या माळरानावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खणल्या गेल्या. १८९८ साली तेथे मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दळण, विणकाम, शेती, छपाई, सारे काही मुलीच करीत. रमाबाई स्वतः शाकाहारी राहिल्या, साधे पांढरे लुगडे नेसत राहिल्या.

आता केडगावातील १९०५ सालाकडे वळू. परदेशांत सामुदायिक प्रार्थनेची एक लाट उठल्याचे रमाबाईंच्या कानी आले होते. १९०३ साली त्यांनी मनोरमा आणि मिनी अब्राम्स या अमेरिकन सहकारी बाईंना त्यासाठी ऑस्ट्रेलियास पाठविले. १९०५ च्या जानेवारीत केडगावी रोजची विशेष प्रार्थना सुरू झाली. आरंभी सत्तर जणी बसत. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जणी बसू लागल्या. मग एके सकाळी रमाबाईंनी मुलींपुढे एक प्रश्न ठेवला. अभ्यास बाजूस ठेवून आसपासच्या खेड्यांत धर्मवार्ता सांगण्यास कोण निघेल? तीस तरुण मुली पुढे आल्या.

रमाबाईंनी त्यांना लगेच वाटेला लावले नाही. त्या तीस जणींनी रोज एकत्र बसून, बोलण्याचे बळ मिळावे म्हणून केवळ प्रार्थना करावयाची, असे ठरले. या मुली कोण होत्या, ते ध्यानात घेतले म्हणजे या तयारीचा अर्थ कळतो. बालविधवा म्हणून कोपऱ्यात बसविलेल्या, दुष्काळात आईबाप गमावलेल्या, चारचौघांत मान वर करून बोलण्याची ज्यांना कधी मुभाच नव्हती, अशा त्या होत्या. परक्या गावच्या पारावर उभे राहून त्यांनी काय बोलावे, याची पाठांतरे करून घेणे सोपे होते. पंडितेला पाठांतराची कला काय कमी अवगत होती! तरी तिने तो मार्ग घेतला नाही. दुसऱ्यास सांगण्यापूर्वी स्वतःचे मन तपासावे, कोणाचा मत्सर किंवा राग पोटात असेल तर तो आधी काढून टाकावा, चूक असेल तर ती कबूल करावी, आणि आपण रिते आहोत हे ओळखून देवाकडे मागावे, एवढीच ती तयारी.

जूनच्या अखेरीस, २९ तारखेच्या रात्री, मुलींच्या शयनगृहात एकाएकी रडण्याचा आणि प्रार्थनेचा कल्लोळ उठला. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत स्वरात योहानाच्या शुभवर्तमानाचे विवरण करीत असता सगळ्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणे थांबवावे लागले. वर्ग बंद पडले. तासन्‌तास मुली गुडघ्यांवर बसून राहिल्या. कोणी हसल्या, कोणी पापे कबूल करून ओक्साबोक्शी रडल्या. हे सारे पाहून काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना संकोच वाटला. आपल्याकडे कीर्तनात देहभान हरपलेला वारकरी पाहिलेल्यास तो वाटण्याचे कारण नाही. रमाबाईंनीही या भक्तीला परदेशी वळण लावण्याची घाई केली नाही; देशी चालींची भजने केडगावी गाइली जात.

या तयारीनंतर मुलींच्या टोळ्या खेड्यांकडे निघाल्या. पाळीपाळीने बाहेर जावयाचे आणि ज्या मागे राहतील त्यांनी गेलेल्यांसाठी प्रार्थनेस बसावयाचे, अशी रीत पडली. पंढरीला गेलेल्या माणसासाठी घरातल्यांनी देवापुढे दिवा तेवत ठेवावा, तसेच काहीसे हे होते. पुढे १९१२-१३ च्या सुमारास मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास शाळा काढली. नांदेड आणि लातूर तेव्हा ज्या निजामी अमलाखाली होते, त्याच अमलाखालचे ते गाव. आईची आई ज्या मुलखात उपासमारीने गेली, त्या मुलखात नात मुलींना अक्षरे शिकविण्यास आली.

वार्धक्यात रमाबाईंनी सर्वांत मोठे काम हाती घेतले ते बायबलच्या मराठी भाषांतराचे. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर, ते खेड्यातील बाईस समजेना, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बोलीत भाषांतर मांडले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्ती सदनातील मुलींनी केले. सुमारे अठरा वर्षे हे चालले. कान जवळजवळ निकामी झाले, प्रकृती ढासळली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई मिरजेस वारल्या. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी, संस्थेची पुढची आशा. आईने मुद्रितांवरचा हात काढला नाही.

अखेरची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य द्यावे, एवढेच मागणे त्यांनी शेवटच्या आजारात मागितले, असे केडगावात सांगतात. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे, झोपेतच, त्यांचे प्राण गेले. शेवटचे पान तपासून झाले होते. ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर पडला.