सत्तर दिवस उशिरा, आठ वर्षं आधी

आयव्हीएफ हा शब्द तुम्हाला नवा नाही. रिक्षाच्या मागे, एसटी स्टँडच्या भिंतीवर, हायवेच्या होर्डिंगवर हसऱ्या बाळाचा फोटो आणि खाली सेंटरचा नंबर, हे तुम्ही रोज बघता. आता त्यात एआयची भर पडली आहे. लॅबमध्ये वाढणाऱ्या गर्भांचे फोटो बघून त्यातला कुठला गर्भ रुजण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज कॉम्प्युटर बांधतो. पण भारतात हा प्रयोग पहिल्यांदा यशस्वी कुणी केला, असं विचारलं तर? जीकेची जुनी पुस्तकं मुंबईचं केईएम हॉस्पिटल आणि १९८६ हे साल सांगतील. खरं उत्तर आहे कोलकाता, १९७८. माणसाचं नाव डॉ. सुभाष मुखोपाध्याय. मुखर्जी म्हणूनही तुम्हाला ते सापडतील.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ चा, हजारीबागचा. कोलकात्यात त्यांनी एमबीबीएस केलं, पण मन रमलं ते शरीरक्रियाशास्त्रात. १९५८ मध्ये कोलकाता विद्यापीठाची पीएचडी झाली. तेवढ्यावर न थांबता ते एडिंबराला गेले आणि १९६७ मध्ये हार्मोन्सच्या विषयात दुसरी पीएचडी घेतली. म्हणजे दोन डॉक्टरेट, वर परदेशाचा शिक्का. तिकडे राहणं सोपं होतं. ते परत आले आणि सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवायला लागले.

आता खरी गोष्ट. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांचं काम शेवटच्या टप्प्यात होतं, तेव्हा कोलकात्यात तीन माणसं त्याच प्रश्नाला भिडली होती. मुखोपाध्याय, जादवपूर विद्यापीठातले सुनीत मुखर्जी (अतिथंड तापमानात पेशी टिकवणं हा त्यांचा विषय) आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य. घरगुती फ्रीज आणि साध्यासुध्या उपकरणांवर हे सगळं उभं राहिलं, ही कथा तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. ती रंगतदार आहे, पण तिच्यामुळे मुद्दा झाकला जातो असं मला वाटतं. कमाल फ्रीजची नव्हती, विचाराची होती.

कशी ते बघा. इंग्लंडच्या जोडीने स्त्रीच्या नैसर्गिक चक्रात तयार होणाऱ्या एकाच बीजावर भिस्त ठेवली, आणि ते काढायला पोटातून दुर्बीण घातली. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी जास्त बीजं तयार करवली. ती काढली योनिमार्गाकडून, छोटा छेद घेऊन. पण इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजायला फारसं अनुकूल राहत नाही, हे हार्मोन्सचा अभ्यास केलेल्या माणसाला बरोबर ठाऊक होतं. मग काय करायचं? गर्भ गोठवून ठेवायचा, आणि पुढच्या एखाद्या साध्या चक्रात तो सोडायचा. त्यांनी नेमकं तेच केलं.

गर्भवाहिन्या बंद असलेल्या एका स्त्रीला अशा रीतीने दिवस गेले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, दुर्गापूजेच्या दिवसांत, मुलगी झाली. बातम्यांमध्ये तिचं नाव आलं दुर्गा. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन २५ जुलैला जन्मली होती. मध्ये फक्त ७० दिवस! आणि गोठवलेल्या गर्भापासून मूल होण्याची जगाने नोंद घेतलेली घटना ऑस्ट्रेलियातली, तीही १९८४ ची. आज तुम्ही एखाद्या चांगल्या आयव्हीएफ लॅबमध्ये डोकावलात तर इंजेक्शनं, योनिमार्गातून बीज काढणं, गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडणं, हे सगळं नेहमीचं काम म्हणून चाललेलं दिसेल.

मग नाव का झालं नाही?

एक कारण घरातलं होतं. मूल असं झालं हे चारचौघांत कळू नये, अशी आईवडिलांची इच्छा होती. १९७८ च्या कोलकात्यात, वांझ म्हणून बाईला काय ऐकावं लागायचं हे माहीत असताना, त्यांना दोष देववत नाही. डॉक्टरांनी त्यांचा शब्द पाळला, आणि सर्वांत मोठा पुरावाच झाकलेला राहिला.

दुसरं कारण सरकारी. राज्य सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते रेडिओफिजिक्सचे! मानवी गर्भ गोठवण्याचा अनुभव समितीत कुणालाच नव्हता. असणार तरी कुठून? जगातच तो कुणाला नव्हता. समितीने दावा खोटा ठरवला. जपानमधून निमंत्रण आलं होतं, तिथे जायची परवानगी मिळाली नाही. इंग्लंडच्या जोडीचं जगभर कौतुक होत होतं आणि इथे सहकारी टिंगल करत होते. मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला. जून १९८१ मध्ये त्यांची बदली झाली, ती नेत्ररोगाच्या संस्थेत. हार्मोन्सवर पीएचडी केलेल्या माणसाने तिथे काय करायचं होतं?

१९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. वय ५०. मागे पत्नी नमिता राहिल्या. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) या आयुष्यावरून सुचलेला आहे. पंकज कपूर आणि शबाना आझमी त्यात आहेत, आणि कोवळा इरफान खानही. ओटीटीच्या गर्दीतून वेळ काढून बघाच.

आता मुंबई. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून मूल जन्मलं आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून नोंदलं गेलं. ते काम पक्कं होतं, कागदोपत्री चोख होतं. अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये, आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली, संबंधित लोकांशी बोलले, आणि ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून जाहीर केलं की पहिला मान आपला नाही, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावरचा विक्रम असा उतरवून देणारी माणसं तुम्ही किती बघितलीत?

इथे पुन्हा एआयकडे येतो. गरीब देशांत आयव्हीएफ महाग पडतं त्याचं एक कारण म्हणजे गर्भ पारखणारी अनुभवी माणसं थोडी आणि तीही मोठ्या शहरांत. आपल्याकडेही एका फेरीचा खर्च सहज लाखाच्या घरात जातो. कॅमेरा आणि प्रोग्रॅम यातलं काही काम जिल्ह्याच्या ठिकाणी करू शकले तर फरक पडेल. पण प्रोग्रॅम शिकतो तो आधीच्या नोंदींवरून, आणि नोंदी बहुतेक श्रीमंत देशांतल्या, श्रीमंत पेशंटच्या. मुखोपाध्यायांची नोंद १९ वर्षं एका घरात पडून होती. तुमच्यापैकी कुणी बायोटेक किंवा डेटा सायन्सला असाल, तर कुणाचे फोटो त्या मशीनने पाहिलेच नाहीत, हे आधी विचारून घ्या.

२०१० मध्ये एडवर्ड्स यांना नोबेल मिळालं. स्टेप्टो तोवर हयात नव्हते. आणि दुर्गा? २००३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ती स्वतःहून लोकांसमोर आली आणि आपण कोण आहोत हे तिने सांगून टाकलं. डॉक्टरांना जाऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती.