लोकमान्यांचे पथ्य

मुलांनो, लोकमान्य टिळकांचे नाव तुम्ही इतिहासात वाचले आहे. पण त्यांना मधुमेह होता, हे तुम्हांला माहीत आहे का? उर्दूत या आजाराला झियाबीतस म्हणतात.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. १९०८ साली 'केसरी'तील लेखांबद्दल सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. मधुमेह त्याआधीच जडलेला होता.

आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातून इन्शुलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. रक्तातील साखर शरीराच्या पेशींत जाण्यासाठी हा रस लागतो. तो कमी पडला, किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साचते. माणूस थकतो, सारखी तहान लागते, जखमा लवकर भरत नाहीत. आज डॉक्टर गोळ्या देतात किंवा इन्शुलिन टोचतात. जेवणाच्या वेळी घ्यायचे इन्शुलिन लवकर काम करते. दुसरे सावकाश, पण पुष्कळ तास काम करते. मंडालेत यांतले काहीच नव्हते. त्या काळी ते जगातच कोठे नव्हते!

मग उरले फक्त पथ्य. टिळकांनी भात व गहू सोडून सातूच्या पिठावर दिवस काढले. खाण्याची आवड बाजूला ठेवणे किती कठीण असते, हे घरात मधुमेही माणूस असेल तर तुम्ही पाहिलेच असेल. अशा पथ्यावर राहूनच टिळकांनी तेथे 'गीतारहस्य' हा जाडजूड ग्रंथ लिहिला.

जून १९१४ मध्ये ते सुटले. शरीर थकले होते. पण ते घरी स्वस्थ बसले नाहीत. ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी ते तुमच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. लोकांना समजेल अशा मराठीत त्यांनी स्वराज्याची मागणी केली. सरकार चिडले. याच भाषणांसाठी आणि बेळगावच्या एका भाषणासाठी त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. त्याची नोटीस आली, ती नेमकी त्यांच्या साठाव्या वाढदिवशी. मुंबईच्या हायकोर्टात बॅरिस्टर मोहम्मद अली जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी कोर्टाने जामिनाचा हुकूम रद्द केला.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कॅनडातील टोरोंटो शहरात डॉ. फ्रेडरिक बॅंटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मरणपंथाला लागलेल्या मुलाला टोचण्यात आले. तो जवळजवळ तुमच्याच वयाचा, चौदा वर्षांचा होता. तो पुढे तेरा वर्षे जगला.