एका अणूएवढा थर

बल्ब म्हटला की आपल्याला एडिसनच आठवतो. पण बल्बच्या तारेवर विचार करणारे आर्विंग लँगम्यूर किती जणांना माहीत आहेत? आणि विशेष म्हणजे ते आपल्यासारखेच इंजिनिअर!

जन्म ३१ जानेवारी १८८१, ब्रुकलिन. १९०३ मध्ये कोलंबियातून मेटलर्जीची डिग्री, मग जर्मनीत गॉटिंगेनला नर्न्स्ट यांच्या हाताखाली पीएच.डी. परत येऊन कॉलेजात शिकवू लागले. १९०९ च्या उन्हाळी सुट्टीत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गेले, ते १९५० मध्ये रिटायर होईपर्यंत तिथलेच झाले.

तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात हे तेव्हा माहीत होतं. पण ही सगळी उरलेल्या गॅसची करामत, व्हॅक्यूम चांगला केला की ते बंद होतील, असं अनेकांना वाटे. लँगम्यूर यांनी व्हॅक्यूम वाढवत नेला, तरी इलेक्ट्रॉन येतच राहिले. म्हणजे ते धातूचेच होते!

आता गंमत बघा. इतकी सफाई करणाऱ्या याच माणसाने १९२० च्या दशकात, किंगडन यांच्यासोबत, स्वच्छ टंगस्टनवर मुद्दाम सीझियम बसवलं. सीझियम म्हणजे सोडियमच्याच घराण्यातला अल्कली धातू. त्याचा बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन टंगस्टनकडे झुकतो, वर धन भार राहतो आणि आतल्या इलेक्ट्रॉनची बाहेरची वाट सोपी होते. टंगस्टनमधून सुटायला साधारण ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, सीझियममुळे १.७ च्या आसपास पुरतात. तेही अणूचा एक थर पूर्ण भरण्याआधीच! थर जाड केला तर आकडा परत २ कडे चढतो. भाजीतल्या मिठासारखंच, जास्त झालं की बिघडलं.

पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. १६ ऑगस्ट १९५७ ला ते गेले. पुढे १९९१ नंतर कार्बन नॅनोट्यूबचा जमाना आला. आपल्या गोंदियाच्या बांधीतल्या धानासारख्या उभ्या वाढवलेल्या या नळ्या न तापवताही, नुसत्या व्होल्टेजवर, टोकातून इलेक्ट्रॉन सोडतात. त्यांच्यावर सीझियम चढवलं की कमी व्होल्टेज पुरतं. अडचण एकच, हवा लागली की सीझियम लगेच खराब होतं. त्यामुळे टिकाऊ थराचा प्रश्न संशोधकांना आजही सतावतो.

आपण प्रत्येक टॉपिकला आधी विचारतो, हे पेपरला येतं का? लँगम्यूर यांनी विचारलं, हे असं का होतं? फरक एवढाच, पण एका अणूच्या थराएवढा मोठा!