सुमो, ४०७ आणि मूळगावकर

टाटा सुमोत आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी दाटीवाटीनं बसलेत. १९९४ साली आलेल्या या गाडीचं नाव जपानी पहिलवानांवरून पडलं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते एका मराठी इंजिनिअरचं नाव. सुमंत मूळगावकर हे नाव इंग्रजीत लिहा, नाव-आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं घ्या, झालं सुमो!

मूळगावकर १९०६ साली मुंबईत जन्मले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकून आल्यावर ते आधी सिमेंट उद्योगात शिरले आणि १९४९ साली टेल्कोत आले. टेल्को तेव्हा जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवत होती. १९५४ साली डेमलर-बेंझशी करार करून ट्रक सुरू झाले. पंधरा वर्षांनी, १९६९ ला करार संपला, तोपर्यंत ट्रक आपले आपण बनवायची तयारी झाली होती. पुण्याचा कारखाना १९६६ पासून उभा राहिला. तिथे त्यांनी आधी यंत्रं, साचे आणि पोरांचं ट्रेनिंग यांची सोय केली, उघड्या माळावर झाडं लावली, तळं केलं. पुण्याची पहिली गाडी बाहेर पडली ती १९७७ ला!

दुपारी ते ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवत आणि गाडीच्या तक्रारी ऐकत, अशी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जाते. ऐंशीच्या दशकात चार कंपन्या जपानी भागीदार घेऊन हलक्या ट्रकमध्ये उतरल्या, तेव्हा टेल्कोनं १९८६ साली स्वतःची ४०७ आणली आणि ती टिकली.

मी हे सगळं शोधत बसलो, कारण आमचा प्रोजेक्ट. एक जुनी ४०७, आत बंक, ओटा आणि दोनशे लिटरची पाण्याची टाकी. थोडक्यात फिरतं घर. टाकी भरली की दोनशे किलो एकाच अंगाला, गाडी कललेली, झोपणारा घरंगळलाच समजा. म्हणून मागच्या ॲक्सलवर एअर बॅग आणि दोन बाजूंना दोन लेव्हलिंग व्हॉल्व्ह लावायचं ठरलं. चासी खाली बसली की व्हॉल्व्हची दांडी हलते आणि बॅगेत हवा जाते, चासी जास्त वर आली की हवा सुटते. या गाडीला एअर ब्रेक नाहीत, तेव्हा कॉम्प्रेसर वेगळा बसवणं आलं.

वाद पेटला तो पाट्यांवरून. ते काढायचे की ठेवायचे? होस्टेलवर रात्र रात्र चर्चा. शेवटी मी खारघरहून जवळच कळंबोलीच्या स्टील मार्केटला गेलो आणि ड्रायव्हर, मिस्त्री यांनाच विचारलं. पाटे नुसतं वजन उचलत नाहीत, ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. बॅगेला ते जमत नाही. शिवाय घाटात बॅग फुटली तर पाट्यांवर गाडी हळूहळू घरी येते. पाटेच नसले तर जागीच बसते. सगळ्यांनी हेच सांगितलं. मग पाटे ठेवले, बॅगा त्यांच्या मदतीला दिल्या. पुस्तकातलं आम्हाला पाठ होतं, पण गाडी चालवणाऱ्याला आधी विचारायचं हे मूळगावकरांकडून घेतलं.

१९८९ साली ते गेले. त्यांच्या नावाची सुमो रस्त्यावर यायला अजून पाच वर्षं होती. ४०७ मात्र त्यांनी धावताना पाहिली.