चाकात हवा भरणारा पशुवैद्य

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म १८४० साली स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न गावी, शेतकरी कुटुंबात झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले आणि बेलफास्टमध्ये त्यांचा जनावरांचा दवाखाना चांगला चालू लागला.

त्या काळी सायकलच्या चाकांना भरीव रबर असे. दगडी रस्त्यावर प्रत्येक हादरा थेट अंगात जाई. मुलाची तीनचाकी सायकल सुसह्य करण्यासाठी १८८७ मध्ये डनलॉप यांनी पातळ रबराची नळी करून लाकडी चकतीवर कापडाने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग ही चकती आणि सायकलचे जुने चाक त्यांनी अंगणात ढकलून पाहिले. हवेचे चाक कितीतरी लांब गेले. १८८८ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने याच टायरवर बेलफास्टमधील शर्यती जिंकल्या.

मात्र रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच अशा टायरचे पेटंट घेतल्याचे उघड झाले आणि डनलॉप यांचे पेटंट टिकले नाही. कंपनीला त्यांचे नाव लागले, पण मोठी संपत्ती त्यांच्या वाट्याला आली नाही. १९२१ मध्ये डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.

गाडीचा भार रबर नव्हे, तर आतली दाबलेली हवा पेलते, हेच आजही टायरचे मर्म आहे. हवा कमी असेल तर टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, तापतात आणि वेगात टायर फुटू शकतो. कडाही लवकर झिजतात. हवा जास्त झाली तर टायर मधोमध झिजतो आणि पकड घटते.

कोल्हापूरहून पुणे-बंगळूर महामार्गाला लागताना किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना हे ध्यानात ठेवावे. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर असतो. गाडीत माणसे व सामान भरपूर असेल तर पट्टीवरचा भरल्या गाडीचा आकडा घ्यावा. पावसाळ्यात हवा कमी असल्यास पाण्यावरून चाक घसरण्याचा धोका वाढतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. तापमान दहा अंश सेल्सिअसने बदलले की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. म्हणून उन्हात धावून तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडू नये. महिन्यातून एकदा स्टेपनीसह पाचही टायर तपासले, तर घाटात आणि महामार्गावर ऐनवेळी दगाफटका होण्याची शक्यता बरीच कमी होते.